शेजारी बसायची रीत

नाताळची सुट्टी संपत आली होती आणि मुलं कंटाळली होती. मीही. दुपारी माझ्या ओटीवर गणिताला बसतात ती काही आमच्या वटार गावचीच, काही बोळिंजच्या इमारतींमधली. त्यांच्या आया स्कूटरवरून सोडून जातात. मराठी शाळेतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. गुडघे आता खाली बसू देत नाहीत, म्हणून मी खुर्चीत आणि मुलं सतरंजीवर.

आर्याचा भागाकार आधी झाला. ती उठली आणि आयुषच्या शेजारी जाऊन बसली. माझ्याकडे ही रीत पहिल्यापासून आहे. ज्याचं आधी झालं त्याने ज्याचं अडलंय त्याच्या शेजारी बसायचं, हात पाठीमागे बांधून. तोंडाने सांगायचं. दुसऱ्याच्या पेन्सिलीला हात लावायचा नाही.

“सातने भाग जातो का बघ,” आर्या म्हणाली.

“जात नाही.”

“बघितलंस कुठे? नुसतं नाही म्हणतोस.”

“मग तू जा ना. मी बोलावलंय का तुला?”

“टीचर, हा मला जा म्हणतो!”

“तो म्हणेल. तू बस,” मी म्हटलं.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि फ्लॉसी आत आली. पायात घरातल्याच चपला, हाताला पीठ. फ्लॉसीही माझ्याच हाताखाली शिकलेली. घरात, बाजारात ती आमची बोली बोलते, पण माझ्याशी अजून शाळेतलीच मराठी, शब्द जरा जपून टाकल्यासारखी. तिची थोरली मुलगी ज्युली इंग्लंडमध्ये बिझनेसचा मास्टर्स करते आहे आणि नाताळसाठी घरी आली होती. चर्चमध्ये नाताळच्या मिस्सेला मी तिला लांबून पाहिलं होतं. बाकावर बसल्या बसल्या तिचा डोळा लागला होता.

“टीचर, आत येता का जरा? मुलांसमोर नको.”

मुलांना आठचा पाढा लिहायला लावून मी तिला स्वयंपाकघरात नेलं. पाणी दिलं. तिने ते तसंच धरून ठेवलं.

“ज्युलीला कॉलेजने चौकशीला बोलावलंय. परवा दुपारी, लॅपटॉपवर. कॉपीची चौकशी.”

“ज्युलीने कॉपी केली?”

“तिने नाही. तिची केली. त्या भाड्याच्या घरात तिच्याबरोबर नायजेरियाची मुलगी राहते ना, अमाका, तिने. पण ज्युलीने आपलं उत्तर तिला आपल्या हाताने दिलं. तिकडे देणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा आहे, टीचर. काढून टाकतील. काढलं की व्हिसा गेला. व्हिसा गेला की सगळं गेलं.”

मग तिने सगळं सांगितलं. निबंधासारखं काही लिहून द्यायचं होतं. आपल्या ओळखीचा एक छोटा धंदा घ्यायचा आणि माल खराब न होता गिऱ्हाइकापर्यंत कसा पोचतो ते मांडायचं. ज्युलीने आमच्या वटारचा सोनचाफा घेतला. पहाटे फुलं काढायची, ओल्या फडक्यात ठेवायची, पाकळी दबणार नाही अशी भरायची आणि ऊन चढायच्या आत दादरला पोचवायची. छान लिहिलं होतं म्हणे. आणि तोच सोनचाफा अमाकाच्या उत्तरातही निघाला. तिने गाव बदललं होतं, फुलाचं नाव बदललं होतं, वाक्यं फिरवली होती. पण वाडीला पाणी कुठून येतं त्या ओळीत ‘बावखळ’ हा शब्द तसाच राहिला. आमच्या वाड्यांमध्ये पावसाचं पाणी साठवणारी तळी असतात, विहिरी गोड ठेवणारी, त्यांना आम्ही बावखळ म्हणतो. वसईबाहेर हा शब्द महाराष्ट्रातसुद्धा फारसा कोणाला ठाऊक नाही. तिथल्या प्राध्यापकाला तो दोन उत्तरांत सापडला.

मला हसू आलं. फ्लॉसीला नाही.

“जितेंद्र म्हणतो, मार्ग आहे,” ती म्हणाली.

जितेंद्रचं बोळिंजला ऑफिस आहे. मुलांना परदेशी कॉलेजांत पाठवायची कामं तो करतो. ज्युलीचंही त्यानेच केलं. माणूस वाईट नाही, पण दिवसभर एकच गोष्ट इतक्यांना सांगून त्याचा आवाज सपाट झाला आहे.

“काय मार्ग?”

“ज्युलीने एकच वाक्य बोलायचं. मी थकून झोपले होते, लॅपटॉप उघडा होता, तिने मला न विचारता घेतलं. बस. मग ज्युली सुटली.”

“आणि ती अमाका?”

फ्लॉसीने पाण्याचा पेला ओट्यावर ठेवला. “तिला तिची आई आहे. मी ज्युलीची आई आहे.”

मी पेला पुन्हा तिच्याकडे सरकवला.

“ज्युली हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. नुसती झोपते. तिच्या पप्पांनी सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं. तुमचं ती ऐकेल. तुम्ही सांगा.”

“मी तिला खोटं बोलायला सांगू, फ्लॉसी?”

“टीचर, शेजारी बसायला कोणी शिकवलं तिला?” ती एकदम चिडली. “तुम्हीच ना? मला पण बसवायचात, तिला पण बसवलंत. माझं झालं की लगेच दुसऱ्याचं बघ. जगात कोणी बसत नाही असं कोणाच्या शेजारी! इथे ठीक होतं. तिकडे पोरगी त्याच सवयीने गेली आणि अडकली. आता तुम्हीच निस्तरा.”

बाहेर आयुष ओरडला, “टीचर, आठ नव्वे?” आणि आर्या म्हणाली, “सांगू नका, टीचर, त्याला येतंय.”

फ्लॉसी गेली. मी मुलांना घरी पाठवलं आणि खुर्चीत बसून राहिले. तिने म्हटलं ते मला लागलं होतं, हे काही खोटं नाही. माझ्या हातून इतकी मुलं गेली. त्यांतली किती पुढे कोणाच्या शेजारी बसली आणि त्याचं काय झालं, हे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर मी फ्लॉसीच्या घरी गेले. वाडीतून जायची वाट आता अरुंद झाली आहे. कडेच्या केळी कोणी छाटत नाही. त्यांच्या ओटीवर येशूजन्माचा गोठा अजून मांडलेला होता, गवत पिवळं पडलेलं, एक मेंढरू आडवं झालेलं. फ्लॉसी मला पाहून आत गेली. जाताना मागच्या दाराकडे बोट केलं.

ज्युली मागच्या पडवीत बसली होती. मांडीवर सूप, सुपात वालाच्या शेंगा. सोलता सोलता हात थांबले होते आणि डोळे मिटले होते. मी शेजारच्या बाकड्यावर टेकले तशी ती दचकली.

“टीचर! कधी आलात? मम्मीने उठवलं नाही मला.”

“झोप गं. मीही दुपारी अशीच पेंगते. पण माझं वय आहे.”

ती हसली. चेहरा उतरला होता. लहानपणी ही पोरगी वर्गात सगळ्यांच्या आधी पाटी खाली ठेवायची आणि मान वळवून बघायची, कोणाचं अडलंय. वर्गात तिच्या मागे तिचा चुलतभाऊ स्टीवन बसायचा. त्याला हातच्याची वजाबाकी येईना. ती त्याच्या शेजारी बसायची, हात पाठीमागे घट्ट बांधून, आणि रागाने तिचे खांदे वर-खाली व्हायचे.

“मम्मीने पाठवलंय ना तुम्हाला?” तिने विचारलं.

“हो.”

“मग सांगा.”

“आधी तू सांग. तिकडे दिवस कसा जातो तुझा?”

तिने शेंग सोलली. दाणे सुपात टाकले. “पहिल्या महिन्यात मी सगळं बघायचे, टीचर. पानं गळताना बघितली. नंतर काही बघितलं नाही. कॉलेज, मग गोदामात काम. खोकी भरायची. मशीन सांगतं कुठल्या फळीवरून काय घ्यायचं, आपण घ्यायचं. हळू झालं की तेच मशीन टुंग वाजतं. काही दिवस रात्रपाळी असते. तिथून सकाळी घरी. वर्गात आम्हाला शिकवतात की कामात फुकट जाणारी हालचाल कशी कमी करायची. आणि मी बसलेली असते फुकट गेलेली.”

“जेवतेस काय?”

“भात. अमाका पण भातच खाते. ती टोमॅटो घालून लाल करते, एवढी मिरची घालते की मम्मीचा मसाला कमी पडेल.” तिचा चेहरा क्षणभर उजळला आणि पुन्हा तसाच झाला. “आता चौकशी होईपर्यंत आम्ही एकमेकींशी बोलायचं नाही असा कॉलेजचा मेल आहे. एका घरात राहून. शेवटचे दिवस ती स्वयंपाकघरात आली की मी बाहेर जायचे.”

मी थोडा वेळ शेंगा घेऊन सोलत बसले. मग म्हटलं, “तुझी मम्मी माझ्यावर रागावलीय. म्हणते, शेजारी बसायची सवय मी लावली, म्हणून तू अडकलीस.”

ज्युलीने मान वर केली. “असं म्हणाली मम्मी?”

“हो. आणि ते मनाला लागलं माझ्या.”

“नाही, टीचर. तसं नाहीच आहे ते.” तिने सूप खाली ठेवलं. “सगळे म्हणताहेत, ज्युलीने मदत केली, ज्युलीचं मन मोठं. पप्पा पण तेच म्हणतात. जितेंद्रसर म्हणाले, जास्त चांगुलपणा नडला. मी मदत केलीच नाही.”

“म्हणजे?”

“मी रात्रपाळीवरून सकाळी आले. त्या दिवशी दुपारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. माझं आधीच देऊन झालं होतं. मी अंथरुणावर पडले आणि अमाकाने दार वाजवलं. तिला त्या आठवड्यात ताप होता, तिचं काही झालं नव्हतं. ती म्हणाली, ज्युली, अर्धा तास बस माझ्याबरोबर, मला फक्त समजावून सांग की यांना काय हवंय. लिहीन मी माझं.”

“फाईल तिने मागितली नव्हती?”

“नाही. समजावून सांग म्हणाली होती. शेजारी बस म्हणाली होती.” ज्युलीचा आवाज कोरडा होता, ती रडत नव्हती. “मला उठवत नव्हतं, टीचर. तोंड उघडायची ताकद नव्हती. मी पडल्या पडल्या फोनवरून फाईल पाठवली आणि म्हटलं, हे घे आणि जा. दार लावून घे. तिने दार लावलं. मी झोपले.”

मागे बावखळीवर कोणी तरी बादली आपटली. पाण्याचा आवाज आला आणि थांबला.

मला एक विचित्र गोष्ट वाटली. फ्लॉसीने जो आरोप केला होता तो माझ्यावरून उतरला होता आणि मला बरं वाटायला हवं होतं. पण समोर बसलेल्या पोरीकडे बघून बरं कसं वाटणार? शाळेत मी मुलांना हात पाठीमागे बांधायला लावायची ते याच्यासाठीच. पेन्सिल ओढून घेऊन उत्तर लिहून देणं सोपं. शेजारी बसून थांबणं अवघड. पण बसायला अंगात जीव हवा, हे मी चौथीच्या मुलांना कधी सांगितलं नाही. त्यांच्या अंगात तो असतोच.

“आता सांगा,” ज्युली म्हणाली. “मी उद्या काय बोलू? मम्मीचं वाक्य बोलले तर मी राहते. खरं बोलले तर दोघी जातो बहुतेक.”

“मी चौथीपर्यंतची टीचर, बाय. याच्या पुढचं मला विचारू नकोस.”

“म्हणजे तुम्ही पण दार लावून घेता.”

हे तिने हसत म्हटलं, पण मी तिच्याकडे बघू शकले नाही. सुपातल्या शेंगा सारख्या करत म्हटलं, “तुझ्या मम्मीने जे सांगायला पाठवलं ते मी सांगणार नाही. आणि उलटं पण सांगणार नाही. शिक्षा मला होणार नाहीये, तुला होणार आहे. मी येऊन बसेन फक्त, तुला हवी असले तर.”

“एक माणूस सोबत बसवायची परवानगी आहे. त्याने बोलायचं नाही.”

“ते जमेल. गुडघे नाही, पण गप्प राहणं अजून जमतं.”

*

चौकशी दुपारी होती, तिकडची सकाळ. फ्लॉसीचा नवरा पॉल वालीवच्या कारखान्यातून अर्धा दिवस सुट्टी काढून आला होता. बुटांना लोखंडाचा कीस तसाच, शर्टाला तेलाचा वास. फ्लॉसीने फ्रिज बंद केला, कारण तो मध्येच घरघरतो. कोंबड्या वाडीत हाकलल्या. शेजारच्या बेलाला सांगून आली, तासभर मिक्सर लावू नकोस. बेलाने विचारलं, “कसली मीटिंग?” तर म्हणाली, “नोकरीची.” त्या दिवशी त्या घरात कोणी जेवलं नाही. कालवण झाकून ठेवलेलं होतं.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप होता. मी ज्युलीच्या बाजूला, पडद्यावर अर्धी दिसेन अशी. फ्लॉसी आणि पॉल स्वयंपाकघराच्या दारामागे. दार लावलं होतं, पण खाली फट आहे आणि त्या फटीत फ्लॉसीच्या पायाची बोटं दिसत होती.

आत जायच्या आधी फ्लॉसी ज्युलीच्या कानाशी वाकली. “एकच वाक्य, बाय. फक्त एक. मग मी तुला आयुष्यात काही सांगणार नाही.”

“सांगशील,” ज्युली म्हणाली.

पडद्यावर तिघं होते. मधोमध पांढऱ्या केसांची बाई, तीच प्रमुख. एक तरुण प्राध्यापक, ज्याने दोन उत्तरं पकडली होती. आणि टिपणं घेणारा एक जण. इंग्रजी भरभर होतं, पण मला बहुतेक कळत होतं. बाईंनी माझं नाव विचारलं. ज्युली म्हणाली, “या प्रिस्का. माझ्या पहिल्या टीचर.” बाईंनी मान लववली. माणसं रागीट नव्हती. ती पण थकलेली दिसली. सुट्टी संपता संपता असल्या चौकश्या किती होत्या त्यांच्यापुढे, कोण जाणे.

तरुण प्राध्यापकाने आधी विचारलं, बावखळ म्हणजे नेमकं काय. ज्युलीने सांगितलं. वाडीत खणलेलं तळं, पावसाचं पाणी धरतं, जमिनीत मुरतं, समुद्राचं खारं पाणी विहिरीत शिरू देत नाही. सांगताना तिचे हात हलायला लागले. प्राध्यापक ऐकत राहिला. मग म्हणाला, “धन्यवाद. मला ते खरंच जाणून घ्यायचं होतं.” आणि पुन्हा कागदाकडे वळला.

मग बाईंनी चष्मा लावला आणि एक निवेदन वाचून दाखवलं. अमाकाचं. आदल्या दिवशी तिची वेगळी चौकशी झाली होती. तिने लिहिलं होतं: ज्युली काम करून आली होती आणि झोपली होती. तिचा लॅपटॉप उघडा होता. मी तिला न विचारता तिचं उत्तर घेतलं. तिला याची काही कल्पना नव्हती. चूक माझी एकटीची आहे.

दारामागे काही तरी हललं.

“हे खरं आहे का, ज्युली?” बाईंनी विचारलं. “तुमच्या आठवणीशी जुळतं का?”

मी ज्युलीकडे पाहिलं नाही. टेबलाच्या मेणकापडाकडे पाहिलं. जितेंद्रचं वाक्य, फ्लॉसीचं वाक्य, जसंच्या तसं त्या मुलीने तिकडून पाठवलं होतं, कोणी न सांगता. ज्युलीला आता खोटं रचायचंही नव्हतं. फक्त हो म्हणायचं होतं.

पडद्यावरची माणसं थांबली. टिपणं घेणाऱ्याचं पेन हवेत राहिलं.

“नाही,” ज्युली म्हणाली.

“काय नाही?”

“हे असं झालं नाही. मी झोपले नव्हते. ती माझ्याकडे आली, म्हणाली समजावून सांग. मी थकले होते. तिने जावं म्हणून मी फाईल पाठवली. तिने मागितली नव्हती. माझ्या फोनमध्ये आहे तो मेसेज, वेळ पण आहे. बघू शकता.”

स्वयंपाकघरात पितळी डब्याचं झाकण पडलं आणि गोल फिरत राहिलं. पॉलने ते पायाने दाबलं असावं.

बाईंनी विचारलं, “तुम्हाला समजतंय ना, की असं म्हटल्याने तुमची बाजू कमजोर होते?”

“हो.”

“मग का म्हणताय?”

ज्युलीने जरा विचार केला. “तिने चोरी केली नाही. तुम्ही तिला चोर म्हणून काढाल. मी तिला चोर व्हायला लावलं, कारण मला झोपायचं होतं. मला यापेक्षा चांगलं सांगता येत नाही. सॉरी.”

त्यांनी मेसेज कॅमेऱ्यासमोर धरायला लावला. प्राध्यापकाने तो वाचला. मग त्यांनी आम्हाला थांबायला सांगितलं आणि पडदा काळा झाला.

फ्लॉसी लगेच बाहेर आली. माझ्याकडे वळली.

“झालं समाधान, टीचर?”

“फ्लॉसी,” पॉल म्हणाला.

“तुम्ही थांबा. ती मुलगी स्वतः म्हणत होती! देवाने ताटात वाढलं होतं. हिने ताट लोटलं.” मग ज्युलीकडे: “तू कोण गं मोठी? ती घेत होती ना आपल्या अंगावर? घेऊ द्यायचं!”

ज्युली म्हणाली, “मम्मी, मला पाणी दे.”

फ्लॉसीने पाणी दिलं. पेला टेबलावर आपटला, पण दिलं.

पॉल टेबलाशी बसला. त्याने हात पालथे ठेवले, नखांत काळं होतं. “काढलं तर काढलं,” तो म्हणाला. “वालीवला स्टोअरमध्ये माणूस पाहिजे. खोकी भरायला तर तिला येतंच.”

“डिग्री घेऊन खोकी?” फ्लॉसी म्हणाली.

“तिकडे काय भरते मग ती?”

कोणी हसलं नाही, पण घरातला ताण जरासा सैल झाला.

पडदा पुन्हा उजळला तेव्हा फ्लॉसी दारामागे गेली नाही. तिथेच, ज्युलीच्या खुर्चीमागे, उभी राहिली. बाईंनी पाहिलं, पण हरकत घेतली नाही. त्यांनी निकाल सावकाश वाचला. ज्युलीला या विषयात शून्य. येत्या सप्टेंबरच्या सत्रात पूर्ण विषय पुन्हा, वर्गात बसून. नावावर लेखी ताकीद. पुन्हा असं झालं तर कोर्समधून बाहेर. अमाकाचं प्रकरण चोरीचं धरून वरच्या समितीकडे जाणार होतं, ते आता तिकडे जाणार नाही. तिलाही तीच शिक्षा, शिवाय खोटं निवेदन दिल्याची वेगळी ताकीद. तिला आजच कळवलं जाईल आणि आता तुम्ही दोघी एकमेकींशी बोलू शकता.

“विश्रांती घ्या, ज्युली,” बाई शेवटी म्हणाल्या आणि पडदा बंद झाला.

“म्हणजे पास की नापास?” पॉलने विचारलं.

“नापास,” ज्युली म्हणाली. “पण राहिले.”

“किती दिवस वाढले?”

“एक सत्र. जूनमध्ये संपणार होतं, आता नाताळापर्यंत जाईल.”

फ्लॉसी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. “लोकांना काय सांगायचं, जूनमध्ये आली नाहीस तर?”

“सांग, नापास झाली.”

“या घरात कोणी नापास झालं नाही आजवर.”

“मी झालो होतो,” पॉल म्हणाला. “चौथीला. टीचरना विचार.”

मी मान हलवली. झाला होता खरा.

मला उठायला हवं होतं. ओटीवर मुलं येऊन बसली असतील, एव्हाना भांडतही असतील. पण पाय आखडले होते आणि कोणी मला जा म्हणत नव्हतं. ज्युलीने फोन उचलला आणि अमाकाला लावला. बराच वेळ वाजला. मग पलीकडून एक जाड, सर्दीने बसलेला आवाज इंग्रजीत भरभर बोलायला लागला. ज्युली मध्ये काही बोलू पाहत होती आणि तिला बोलू दिलं जात नव्हतं. ती फोन कानाला लावून, कपाळ टेबलावर टेकून ऐकत राहिली. मध्ये एकदा “मला माहीत आहे” म्हणाली. शेवटी “रविवारी पोचते” म्हणाली आणि फोन ठेवला.

“काय म्हणत होती एवढं?” फ्लॉसीने विचारलं.

ज्युलीने डोकं वर केलं नाही. “शिव्या घालत होती. म्हणाली, मी सगळं नीट जुळवलं होतं, तुला हो म्हणता येत नव्हतं? म्हणाली, तुझ्याएवढी मूर्ख मुलगी मी पाहिली नाही.”

फ्लॉसीने फ्रिजचं बटण चालू केलं. तो घरघरायला लागला.

“शहाणी आहे पोरगी,” ती म्हणाली आणि कालवण गरम करायला ठेवलं. “टीचर, तुम्ही पण बसा. चार घास खाऊन जा.”